शितावरून भाताची परीक्षा : एका सुळ्याची दोनशे वर्षांची कहाणी

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. पातेल्यातले एक शीत बोटांनी चेपून पाहिले की सगळा भात शिजला की नाही ते कळते. त्यासाठी अख्खे पातेले उपसावे लागत नाही. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांचा व्यवहारही बराचसा असाच चालतो. हजारो-लाखो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या प्राण्याचा एखादा दात किंवा मोडका जबडा हाती लागतो. तेवढ्यावरून तो प्राणी केवढा होता, काय खात होता, कोणाचा नातेवाईक होता, हे सांगायचे असते. वर्गात अशा प्राण्याचे रंगीत चित्र दाखवले की हमखास एखादे पोर विचारते, ‘‘पण हे यांना कळले कसे?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. या लेखात त्याचे उत्तर आपण एका प्राण्याच्या निमित्ताने शोधू. हा प्राणी म्हणजे हिमयुगातला तो लांब सुळ्यांचा शिकारी, ज्याला इंग्रजीत ‘सेबर-टूथ्ड टायगर’ म्हणतात. आपण त्याला खड्गदंती मार्जार म्हणू. ‘वाघ’ हा शब्द आपण मुद्दामच टाळतो आहोत. का, ते पुढे येईलच.

त्याआधी म्हणीकडे पुन्हा एकदा पाहू. एका शितावरून भात कळतो, कारण सगळी शिते एकाच तांदळाची आहेत, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजली आहेत, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. पातेलेच अनोळखी असेल तर? तर तेच शीत आपल्याला चकवूही शकते. खड्गदंती मार्जाराच्या शोधाचा इतिहास हा अशा चकण्याचा आणि त्यातून सावरण्याचा इतिहास आहे.

सुरीसारख्या दाताचे अस्वल

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए या शास्त्रज्ञाचा मोठा दबदबा होता. हाडांवरून प्राणी ओळखण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्यांत त्याचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. त्याचे म्हणणे असे : प्राण्याच्या शरीरातला प्रत्येक अवयव दुसऱ्या अवयवांशी बांधलेला असतो. जो प्राणी मांस खातो त्याच्या दाढा कात्रीसारख्या चालल्या पाहिजेत. भक्ष्य धरायला तसे पंजे हवेत, पाठलाग करायला तसे पाय हवेत, मांस पचवायला तसे आतडे हवे. म्हणून एक भाग नीट अभ्यासला की बाकीच्या भागांचा अंदाज करता येतो. हे तत्त्व आजही बऱ्याच अंशी खरे मानले जाते. आपल्या म्हणीला शास्त्रीय रूप दिले तर ते जवळजवळ असेच होईल.

इटलीतल्या आर्नो नदीच्या खोऱ्यात आणि जर्मनीतही काही विलक्षण दात सापडले होते. लांब, मागे वळलेले आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असे हे सुळे होते. क्युव्हिएने १८२४ मध्ये त्यांना नाव दिले ‘उर्सुस कल्ट्रिडेन्स’, म्हणजे सुरीसारख्या दाताचे अस्वल!

एवढा मोठा माणूस असा कसा चुकला, याचे हसू येण्याआधी आपण त्याच्या जागी उभे राहून पाहू. आज जिवंत असलेल्या कोणत्याही मांजराचा सुळा पाहा. तो वाघाचा असो, बिबट्याचा असो की घरातल्या मनीचा, आडवा छेद घेतला तर तो गोलसर असतो. सुरीच्या पात्यासारखा चपटा सुळा आजच्या एकाही मांजराला नाही. म्हणजे ज्ञात प्राण्यांशी तुलना करून पाहिली तर ‘हे मांजर नव्हे’ असाच कौल मिळत होता. क्युव्हिएची पद्धत खोटी नव्हती. पण त्याच्याजवळ नुसते सुटे दात होते, तेही वेगवेगळ्या देशांतून आलेले. ते एकाच प्राण्याचे नव्हते, हे पुढे कळले.

उलगडा व्हायला फार काळ लागला नाही. फ्रान्सच्या ऑव्हेर्न्य भागात ऑगुस्त ब्राव्हार याने १८२८ मध्ये तिथल्या अवशेषांवरून असा सुळा मार्जार कुलातल्या प्राण्याचा असल्याचे मांडले. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीत योहान याकोब काउप याने तिथल्या दातांना ‘मॅकायरोडस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मॅकायरा’ म्हणजे सुरी किंवा लहान तलवार आणि ‘ओडूस’ म्हणजे दात. अस्वल गेले आणि मांजर आले. ते नव्या युक्तिवादाने आले नाही, दाताच्या शेजारचे पुरावे पाहिल्यामुळे आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच सुमारास आपल्या देशातही जीवाश्मांचा मोठा ठेवा उजेडात येत होता. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांच्या कामावरचा इंजिनिअर प्रोबी कॉटली यांनी १८३० च्या दशकात शिवालिक टेकड्यांमधून हत्ती, जिराफ, पाणघोडे, कासवे यांचे असंख्य अवशेष गोळा केले. त्याबद्दल १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वोलास्टन पदक दिले. शिवालिकमध्ये खड्गदंती मार्जारही होते. त्यातल्या एका जातीला १८५३ मध्ये फाल्कनरच्याच नावावरून ‘मेगॅन्टेरिऑन फाल्कोनेरी’ असे नाव मिळाले. म्हणजे हा प्राणी केवळ परदेशी चित्रपटांतला नाही. त्याचे भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याशीही वावरत होते. हिमाचल प्रदेशात साकेती येथे १९७४ मध्ये जीवाश्म उद्यान सुरू झाले. उत्तरेकडे सहल गेली तर ते जरूर पाहावे.

लागोआ सान्ताच्या गुहा

या कुळातला सर्वांत प्रसिद्ध प्राणी मात्र दक्षिण अमेरिकेत सापडला. तो शोधणारा पीटर विल्हेल्म लुंड हा डेन्मार्कचा. त्याचा जन्म १८०१ चा. त्याचे दोन भाऊ क्षयाने गेले होते. आपल्यालाही तो रोग गाठेल या धास्तीने उबदार हवेच्या शोधात तो १८२५ मध्ये ब्राझीलला गेला. मध्यंतरी काही वर्षे युरोपात काढून १८३३ मध्ये तो पुन्हा ब्राझीलला आला, तो कायमचा.

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात चुनखडीच्या असंख्य गुहा आहेत. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा मिळवायला लोक त्या गुहांमधली माती खणत, आणि त्या मातीत हाडे निघत. सोरा काढणाऱ्याला हाडांचे काही मोल नव्हते. लुंडने लागोआ सान्ता या लहानशा गावी मुक्काम ठोकला आणि दहा वर्षांत आठशेहून अधिक गुहा पालथ्या घातल्या. मेणबत्तीच्या उजेडात, ओलसर हवेत हे काम चाले. त्याच्यासोबत पीटर आंद्रेआस ब्रांट नावाचा नॉर्वेचा चित्रकार होता. हाडांची आणि गुहांची चित्रे तो काढी.

याच हाडांमध्ये एका मोठ्या शिकारी प्राण्याचे दात होते. लुंडने आधी ते तरसाचे समजले आणि १८३९ मध्ये तसे नावही दिले. पुढे आणखी अवशेष हाती आले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की हे तरस नव्हे, हे मांजर आहे आणि ते क्युव्हिएच्या त्या ‘अस्वला’च्या जवळचे आहे. १८४२ मध्ये त्याने नवे नाव प्रसिद्ध केले : ‘स्मायलोडॉन पॉप्युलेटर’. ग्रीक ‘स्मिले’ म्हणजे शस्त्रक्रियेची सुरी. आणि ‘पॉप्युलेटर’ म्हणजे उजाड करणारा, विध्वंसक.

एकाच प्रकारच्या सुळ्याचे युरोपात अस्वल झाले आणि ब्राझीलमध्ये तरस. दोन्ही ठिकाणी सुटा दात फसवून गेला, आणि दोन्ही ठिकाणी अधिक हाडांनी वाट दाखवली.

पण लुंडच्या गुहांनी दात कोणाचा यापेक्षा फार मोठा प्रश्न पुढे ठेवला. सुमिदोरो नावाच्या गुहेचा बराच भाग एरवी पाण्याखाली असे. १८४३ च्या सुमारास पाणी ओसरले असताना लुंडला तिथे माणसांची हाडे मिळाली. ती नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या सोबतीने होती. क्युव्हिएच्या मते पृथ्वीवर मोठमोठे उत्पात होऊन जुने प्राणी नष्ट झाले होते आणि माणूस त्यानंतरचा होता. लुंडवर याच विचारांचा पगडा होता. आता एकाच गुहेत दोघांची हाडे! मग माणसाने हे प्राणी जिवंत पाहिले होते काय?

लुंडने घाईने निष्कर्ष काढला नाही. गुहेत पाणी शिरते, माती उलथते, निरनिराळ्या काळांतली हाडे एकत्र येऊ शकतात, हे तो जाणून होता. त्या काळी हाडाचे वय मोजायची कोणतीही पद्धत नव्हती. त्याने निरीक्षण लिहून ठेवले, शक्यता मांडली आणि थोड्याच काळात गुहांचे काम थांबवले. ते त्याने का थांबवले, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. १८४५ मध्ये त्याने आपला संग्रह डेन्मार्कच्या राजाला भेट म्हणून पाठवला. तो आजही कोपनहेगनला आहे. लुंड मात्र मायदेशी परतला नाही. १८८० मध्ये लागोआ सान्तालाच त्याचे निधन झाले. क्षयाला भिऊन घर सोडलेला हा माणूस जवळजवळ ऐंशी वर्षे जगला.

डांबराचे पातेले

आता आपण उत्तर अमेरिकेत जाऊ. लॉस एंजेलिस शहरात रांचो ला ब्रेआ नावाची जागा आहे. तिथे जमिनीतल्या भेगांमधून खनिज तेल वर झिरपते, त्यातला उडून जाणारा भाग उडून जातो आणि चिकट डांबर मागे उरते. गावकरी ते डांबर छपरांना लावायला नेत. त्यात हाडे निघत, पण ती अलीकडच्या गुराढोरांची असावीत असाच समज होता. जागेचा मालक हेन्री हॅन्कॉक याने एक मोठा सुळा विल्यम डेन्टन या भूशास्त्रज्ञाला दिला. तो खड्गदंती मार्जाराचा असल्याचे डेन्टनने ओळखले आणि १८७७ मध्ये त्याविषयी लिहिले. नवल असे की पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्याकडे कोणी वळून पाहिले नाही. १९०१ मध्ये तेल कंपनीतला भूशास्त्रज्ञ ओर्कट याच्या नजरेला ती हाडे पडली, १९०६ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जॉन मेरियम यांनी पद्धतशीर उत्खनन सुरू केले आणि १९१३ ते १९१५ या काळात तिथल्या संग्रहालयाने शेकडो हजार नमुने बाहेर काढले.

स्मायलोडॉनची जी जात इथे सापडते तिचे नाव ‘स्मायलोडॉन फॅटालिस’. आजवर या जातीच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांचे अवशेष ला ब्रेआत मिळाले आहेत. एका शितावरून भात ओळखायची वेळ आता संपली होती. अख्खे पातेलेच समोर आले होते.

पण या पातेल्यातही एक गोम आहे. कोणत्याही जंगलात तृणभक्षी प्राणी पुष्कळ आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी थोडे असतात. शंभर हरणांमागे शंभर वाघ असूच शकत नाहीत. अन्नसाखळीचा धडा शिकवताना आपण हेच सांगतो. ला ब्रेआत मात्र उलटे. तिथे सापडलेल्या सस्तन प्राण्यांमध्ये दहापैकी सुमारे नऊ मांसाहारी आहेत. त्यात लांडग्यासारखा ‘डायर वुल्फ’ सर्वांत जास्त, चार हजारांहून अधिक, आणि त्याच्या पाठोपाठ स्मायलोडॉन. हे कसे?

उत्तर डांबरातच आहे. धूळ आणि पालापाचोळ्याने झाकलेल्या डांबरात एखादा बायसन किंवा घोडा रुततो. तो ओरडतो, धडपडतो. आयते भक्ष्य पाहून शिकारी धावतात आणि तेही रुततात. त्यांची प्रेते पाहून आणखी काही येतात. एका तृणभक्ष्यामागे कितीतरी शिकारी अडकत गेले. अशा घटना रोज घडायची गरज नव्हती. सुमारे पन्नास हजार वर्षांचा काळ हाताशी होता. म्हणजे ला ब्रेआतली हाडे त्या काळच्या रानाची जनगणना नव्हे, सापळ्यात कोण सापडले त्याची ती यादी आहे. शिते हजारो असली तरी ती कोणी वाढली, हे विचारावेच लागते.

सुळा वापरत तरी कसा?

स्मायलोडॉन फॅटालिसचे वजन १६० ते २८० किलो असावे, असा हाडांच्या जाडीवरून हिशेब आहे. दक्षिण अमेरिकेतला पॉप्युलेटर त्याहून थोर. त्याचे मोठे नर ४०० किलोपर्यंत जात असावेत. त्याचा सुळा मुळासकट मोजला तर २८ सेंटिमीटरपर्यंत भरतो. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीहून थोडाच कमी.

एवढे मोठे हत्यार, पण नाजूक. पात्यासारखा चपटा दात समोरून मागे कापायला उत्तम, पण बाजूने हिसका बसला तर मोडायचा. धडपडणाऱ्या जनावराला अशा दातांनी धरायचे कसे? कोणी म्हणाले, तो सुरी खुपसावी तसे दात खुपसत असेल. पण जोरात खुपसताना दात हाडावर आदळला तर? १९८५ मध्ये विल्यम एकर्स्टन यांनी वेगळी कल्पना मांडली. आधी भक्ष्याला पुढच्या पायांनी जमिनीवर दाबून अगदी स्थिर करायचे, मग गळ्यासारख्या मऊ जागी सुळे रोवून मांस कापून काढायचे.

या कल्पनेची परीक्षा पुढे निरनिराळ्या बाजूंनी झाली. २००७ मध्ये कवटीचे संगणकीय प्रतिरूप करून ताण मोजले गेले. स्मायलोडॉनच्या चाव्याचा जोर सिंहाच्या सुमारे एक तृतीयांशच भरला. सिंह तोंडाने धरून गुदमरवतो, ते याला जमणारे नव्हते. २०१० मध्ये पुढच्या पायांच्या हाडांची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा दंडाच्या हाडाची भिंत इतर मांजरांच्या मानाने फारच जाड आढळली. २०१७ मध्ये ला ब्रेआतल्या दुखापतींची मोजदाद प्रसिद्ध झाली. स्मायलोडॉनच्या ४.३ टक्के हाडांवर इजेच्या खुणा होत्या, डायर वुल्फच्या २.८ टक्के हाडांवर. स्मायलोडॉनच्या इजा खांद्याशी आणि कमरेच्या मणक्यांत जास्त होत्या. पळून दमवणाऱ्यापेक्षा झोंबी घेणाऱ्याची ही लक्षणे.

म्हणजे सुळ्याचे कोडे शेवटी पायांच्या आणि पाठीच्या हाडांनी सोडवले. क्युव्हिएचे तत्त्व इथे पुन्हा उभे राहते : एक अवयव दुसऱ्याशी बांधलेला असतो. फक्त तो दुसरा अवयव प्रत्यक्ष पाहावा लागतो, गृहीत धरून चालत नाही.

दातांनी आणखीही पुष्कळ सांगितले. २०१५ च्या एका अभ्यासानुसार कायमचे सुळे महिन्याला सुमारे ६ मिलिमीटर या वेगाने बाहेर येत. आपली हाताची नखे महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे त्याच्या दुप्पट. तरीही पूर्ण सुळा यायला पिल्लाला तीन वर्षे लागत. तोवर ते आईवर किंवा कळपावर अवलंबून असणार, असा अंदाज बांधता येतो. २०१९ मध्ये ला ब्रेआतल्या सातशेहून अधिक दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दातांच्या एनॅमलमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून दिसले, की स्मायलोडॉन मोकळ्या गवताळ रानापेक्षा झाडीतल्या प्राण्यांवर जगत होता. मोकळ्या माळावर बायसनच्या पाठीवर झेप घेणारी जुनी चित्रे त्यामुळे संशयास्पद ठरली.

वाघ नव्हेच

आता नावाचा हिशेब चुकता करू. स्मायलोडॉन वाघाचा पूर्वज होता का? नाही. प्राचीन डीएनएच्या २०१७ च्या अभ्यासानुसार खड्गदंती मार्जारांची शाखा आजच्या सर्व मांजरांच्या शाखेपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. वाघ, चित्ता आणि घरातली मांजर हे तिघे एकमेकांचे जितके जवळचे आहेत, तितका स्मायलोडॉन त्यांतल्या कोणाचाच जवळचा नाही. त्याची शाखा संपली. तिचा एकही वंशज उरला नाही.

याहून गमतीची गोष्ट अर्जेंटिनात सापडली. १९३३ मध्ये एल्मर रिग्ज यांनी ‘थायलॅकोस्मिलस’ या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यालाही तसेच लांब, वाकडे सुळे. पण हा मांजर नव्हताच! कांगारूसारख्या शिशुधानी प्राण्यांच्या गोतावळ्यातला तो होता. आता कल्पना करा, त्याचा नुसता सुळाच हाती आला असता तर? सारखा दात म्हणजे सारखे कूळ, असे दर वेळी नसते. सारखे काम करावे लागले तर वेगवेगळ्या कुळांतही सारखे हत्यार घडू शकते. जीवशास्त्रात याला समाभिसरण म्हणतात.

बर्फातले पिल्लू

दोनशे वर्षे हा सारा अभ्यास हाडांचा आणि दातांचा होता. खड्गदंती मार्जाराचे कातडे, केस किंवा ओठ कोणीच पाहिले नव्हते. २०२० मध्ये सायबेरियाच्या याकुतिया भागात बद्यारिखा नदीच्या काठी गोठलेल्या जमिनीत एका पिल्लाचे डोके आणि पुढचे शरीर जसेच्या तसे सापडले. त्याचे वर्णन नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पिल्लू स्मायलोडॉनचे नव्हे, त्याच्या ‘होमोथेरियम’ नावाच्या नातेवाइकाचे. वय सुमारे तीन आठवडे, आणि रेडिओकार्बन पद्धतीने काढलेला काळ ३५ ते ३७ हजार वर्षांपूर्वीचा.

त्याच्या अंगावर गडद तपकिरी, दाट, मऊ केस होते. तेवढ्याच वयाच्या सिंहाच्या बछड्याशी तुलना करता मान दुपटीहून जाड, कान लहान, पुढचे पाय लांब आणि तळवे रुंद, गोलसर. बर्फात चालायला असे तळवे सोयीचे. हाडांवरून मोठ्या होमोथेरियमची मान भरदार असणार असे आधीच ताडलेले होते. पिल्लाने त्याला दुजोरा दिला. पण केसांचा रंग? तो कोणत्याही हाडावरून सांगता आला नसता.

इथेही म्हण विसरू नये. तीन आठवड्यांच्या पिल्लाचा रंग म्हणजे मोठ्या जनावराचा रंग नव्हे. सिंहाच्या बछड्यांवर ठिपके असतात आणि पुढे ते पुसट होतात. आणि होमोथेरियमचा रंग म्हणजे स्मायलोडॉनचा रंगही नव्हे.

शेवट कसा झाला?

लुंडचा प्रश्न अजून शिल्लक आहे. माणसाने हे प्राणी पाहिले होते का? आज आपण हो म्हणू शकतो. माणूस अमेरिकेत पोहोचला तेव्हा स्मायलोडॉन तिथे होता. साधारण तेरा ते दहा हजार वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला. त्याच सुमारास मॅमथ, मॅस्टोडॉन, अमेरिकेतले घोडे, महाकाय स्लॉथ हेही गेले. लुंडला जे मोजता येत नव्हते ते हाडांचे वय आता कार्बन-१४ मुळे मोजता येते.

२०२३ मध्ये ला ब्रेआतल्या १७२ नमुन्यांची वये काढून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की १२,९०० वर्षांपूर्वीपर्यंत तिथले मोठे सस्तन प्राणी संपले होते. जवळच्या एल्सिनोर सरोवराच्या गाळात त्याच्या आधीच्या काळात कोळशाचे कण एकाएकी वाढलेले आढळले. हवा तापत व कोरडी होत होती, झाडी कमी होत होती, माणसांची संख्या वाढत होती आणि वणवे भडकत होते. या सगळ्यांची एकत्र गाठ पडली आणि रानाचे रूपच पालटले, असे संशोधकांचे म्हणणे आहे. दुसरीकडे कारणांचे प्रमाण वेगळे असू शकेल. हा वाद चालू आहे. झाडीत दबा धरून मोठी जनावरे पाडणारा आणि त्या एकाच कामासाठी घडलेला शिकारी मात्र भक्ष्य व झाडी दोन्ही गेल्यावर टिकणार कसा?

हे वाचताना आजच्या वाघाची आठवण होणे साहजिक आहे. वाघ स्मायलोडॉनचा वारस नाही, पण प्रश्नाचा वारस जरूर आहे. त्यालाही मोठे भक्ष्य हवे, दाट झाडी हवी. शिकारी एकटा जात नाही. त्याचे रान आधी जाते. ला ब्रेआच्या डांबरात हा धडा तारखांसह लिहून ठेवलेला आहे.

वर्गासाठी

शेवटी त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ : ‘हे यांना कळले कसे?’ या धड्यासाठी एक साधा उपक्रम सुचवतो. खड्गदंती मार्जाराचे कोणतेही चित्र फळ्यावर लावावे आणि वहीत तीन रकाने करायला सांगावेत : पाहिलेले, ताडलेले, कल्पिलेले. सुळ्यांची लांबी, दंडाच्या हाडाची जाडी, आखूड शेपटी पहिल्या रकान्यात जाईल, कारण ही हाडे संग्रहालयांत आहेत. भक्ष्य दाबून धरून गळ्याशी घाव घालणे दुसऱ्यात जाईल. अंगावरचे ठिपके, डोळ्यांतला क्रूर भाव आणि डरकाळी तिसऱ्यात. मुलांना मग विचारावे, की कोणता नवा पुरावा मिळाला तर तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्या रकान्यात येईल? सायबेरियातल्या पिल्लाने होमोथेरियमच्या बाबतीत नेमके हेच केले.

मुले विचारतील, ‘‘मग पुस्तकातले चित्र खोटे का?’’ खोटे नव्हे. आज हाती असलेल्या शितांवरून केलेली ती परीक्षा आहे. क्युव्हिएचे अस्वल आणि लुंडचे तरसही त्यांच्या त्यांच्या काळातल्या अशाच परीक्षा होत्या. त्या बदलल्या, कारण कोणीतरी चुनखडीच्या गुहेत, डांबराच्या खड्ड्यात, नदीच्या गोठलेल्या काठावर पुढचे शीत शोधत राहिले.